काढ्याची नोंद कोणत्या वहीत?

२२ डिसेंबर २०२२ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एका जुन्या खटल्याचा निकाल फिरवला. पारंपरिक कोरियन वैद्यकाची पदवी असलेल्या एका डॉक्टरने २०१० ते २०१२ या काळात एका स्त्रीची ६८ वेळा सोनोग्राफी केली होती. एवढं करूनही तिच्या गर्भाशयाच्या अस्तराला झालेला कर्करोग त्याच्या लक्षात आला नाही. खालच्या न्यायालयांनी त्याला ८ लाख वॉन दंड केला होता, तो परवान्याबाहेरचं यंत्र हाताळलं म्हणून. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, निदानाला पूरक म्हणून पारंपरिक वैद्याने सोनोग्राफी वापरणं हा गुन्हा ठरत नाही. आधुनिक डॉक्टरांच्या संघटना संतापल्या, वैद्यांच्या संघटनेने निकालाचं स्वागत केलं, आणि वाद तिथून क्ष-किरण यंत्रांकडे सरकला. यंत्र कोणाचं, यावर इतकं बोललं गेलं. ६८ वेळा पाहूनही रोग का दिसला नाही, शिक्षणात काय कमी पडलं, अशी चूक किती जणांच्या वाट्याला येते आणि ती मोजायची काही सोय आहे का, हे प्रश्न मात्र त्या गदारोळात कोपऱ्यातच राहिले.

हा वाद मी गेली काही वर्षं लक्ष देऊन वाचतो आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट रीतीने घातला जातो आहे असं माझं ठाम मत आहे. ‘पारंपरिक कोरियन उपचार सुरक्षित आहेत का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण सुरक्षितता हा परंपरेचा गुण नसतो. तो एका विशिष्ट पदार्थाचा, विशिष्ट मात्रेतला, विशिष्ट माणसाच्या शरीरातला आणि विशिष्ट हातांनी दिलेल्या उपचाराचा गुण असतो. तो कळायचा एकच मार्ग आहे: काय दिलं ते लिहून ठेवा, पुढे काय झालं ते लिहून ठेवा, आणि दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहा. कोरियात आज अशी एक वही नाही. तिथला मोठा गुन्हा कोणता असेल तर हाच, आणि त्यात वैद्यांइतकाच आधुनिक डॉक्टरांचाही वाटा आहे.

ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती माणसं कोण, हे आधी नीट समजून घेऊ. कोरियन वैद्य, त्यांच्या भाषेत ‘हानुईसा’, हे रस्त्याकडेला बसणारे जडीबुटीवाले नाहीत. सहा वर्षांचा अभ्यासक्रम, राष्ट्रीय परीक्षा, सरकारी परवाना. अकरा खासगी महाविद्यालयं आणि बुसान राष्ट्रीय विद्यापीठातलं एक पदव्युत्तर विद्यालय एवढ्याच जागा असल्याने प्रवेशाची चुरसही मोठी. सुया टोचणं, दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या वाळक्या पानांची वळी पेटवून डाग देणं, तुंबड्या लावणं आणि काही ठरावीक औषधी अर्क यांना १९८७ पासून देशभर आरोग्यविम्याचं संरक्षण आहे. सांधे आणि मणके हातांनी बसवण्याच्या ‘छुना’ उपचाराला ते एप्रिल २०१९ मध्ये मिळालं. हा दर्जा सहज मिळालेला नाही. जपानी राजवटीने १९१३ च्या नियमांनी या वैद्यांना ‘उइसेंग’, म्हणजे जवळपास विद्यार्थ्यांच्या, पायरीवर उतरवलं होतं. पूर्ण डॉक्टर म्हणून त्यांना कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, युद्ध चालू असताना, सरकार बुसानला हलवलेलं असताना. १९८६ मध्ये त्यांनी आपल्या शास्त्राच्या नावातलं ‘चिनी’ या अर्थाचं ‘हान’ अक्षर काढून ‘कोरियन’ या अर्थाचं, तसंच उच्चारायचं, दुसरं ‘हान’ अक्षर लावून घेतलं. ज्या विद्येला परकीयांनी हीन ठरवलं होतं, तिच्यावरचा प्रत्येक प्रश्न तिच्या लोकांना अपमानासारखा वाटतो. आयुर्वेदाच्या बाबतीत आपल्याकडेही हेच होतं, त्यामुळे ही भावना मला कळते. पण अपमानाची आठवण यकृताचं रक्षण करत नाही.

आता वैद्यांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. हॉ जुन या राजवैद्याने १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला ‘तोंगुई पोगाम’ हा ग्रंथ पंचवीस खंडांचा आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतीच्या नोंदणीत घेतला. चारशे वर्षं लोकांनी वापरलेली औषधं घातक असती तर ती टिकली असती का, असं वैद्य विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनुभव खरोखरच शिकवतो. बचनागाच्या कुळातली मुळं कोरियन वैद्यकात वापरतात, ती संस्कार करूनच, कारण कच्ची मुळं दिली तर रुग्ण वैद्याच्या डोळ्यांदेखत तडफडतो. आपल्याकडे बचनागाचं शोधन करतात ते याच शहाणपणातून. जे विष तासाभरात मारतं, ते परंपरेला दिसतं. जे दहा वर्षांनी मारतं त्याचं काय? हजारात एकालाच मारतं त्याचं काय? गावोगावच्या एकेकट्या वैद्याला असा एखादा रुग्ण आयुष्यात भेटेल, आणि तो मेला तर कशाने, हे त्याला कळायचा काही मार्ग नसेल.

याचं उत्तर जगाला मिळालं ते ब्रसेल्समध्ये, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. वजन घटवून देणाऱ्या एका दवाखान्यात गेलेल्या तरुण बायकांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं की गोळ्यांमध्ये ज्या चिनी मुळीचं नाव होतं, तिच्याऐवजी नावसाधर्म्यामुळे अ‍ॅरिस्टोलोकिया वंशातली दुसरीच मुळी पडली होती. बाधित बायकांची संख्या शंभरावर गेली. पुढे मूत्रपिंड आणि मूत्रवाहिन्या काढून तपासलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणींमध्ये कर्करोग सापडला. या वंशातल्या वनस्पती पूर्व आशियात शतकानुशतकं औषधात होत्या, कोरियातही होत्या, आणि तिथे त्यांच्यावर बंदी आली ती ब्रसेल्सनंतर. आपल्याकडचं ईश्वरमूळ याच वंशातलं आहे. शतकांच्या अनुभवाला जे दिसलं नव्हतं ते एका दवाखान्याच्या नोंदवहीने दाखवलं, कारण तिथे कोणी काय घेतलं आणि कधी घेतलं हे लिहिलेलं होतं.

म्हणून आधुनिक डॉक्टरांचं सगळंच बरोबर, असं मात्र होत नाही. ते ज्या आकड्यावर सर्वांत जास्त विसंबतात तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातला आहे. सतरा विद्यापीठीय रुग्णालयांत, दोन वर्षांत, औषधाने यकृताला इजा झालेले ३७१ रुग्ण सापडले. त्यांपैकी २७.५ टक्क्यांच्या बाबतीत कारण पारंपरिक वनौषधी होतं आणि जवळजवळ तेवढ्याच, २७.३ टक्क्यांच्या बाबतीत आधुनिक औषधं. उरलेल्यांत पूरक आहार, झाडपाला, घरगुती उपाय वगैरे. वैद्यांनी पुढे केलेला आकडा २०१७ चा आहे: दहा मोठ्या रुग्णालयांत दाखल होऊन वनौषधी घेणाऱ्या १,००१ रुग्णांची रक्ततपासणी आधी आणि नंतर केली, सहा जणांना यकृताची इजा आढळली, म्हणजे ०.६ टक्के, आणि त्यांपैकी कोणालाही लक्षणं नव्हती. एक बाजू २७.५ म्हणते, दुसरी ०.६ म्हणते, आणि टीव्हीवरच्या चर्चेत दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. खोटं कोणीच बोलत नाही. घाटात झालेल्या अपघातांपैकी किती दुचाकींचे, हा एक प्रश्न. घाट चढलेल्या हजार दुचाकींपैकी किती घसरल्या, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं की भीती तयार होते. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर टाकलं की बेफिकिरी.

दोन्ही अभ्यासांना स्वतःची मर्यादाही आहे, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. ३७१ रुग्णांच्या अभ्यासात ‘वनौषधी’ या एका शब्दाखाली काय काय होतं? परवानाधारक वैद्याने ओळख पटलेल्या मालातून उकळून दिलेला काढा, आणि बाजारातून आणून घरी उकळलेली मुळी, रुग्णाला या दोहोंत फरक सांगता येतोच असं नाही. उलट १,००१ रुग्णांचा अभ्यास रुग्णालयात दाखल झालेल्यांचा आहे. तिथे माल तपासलेला, मात्रा ठरलेली, रक्त तपासणारा शेजारीच. वजन उतरावं म्हणून महिनोन् महिने मा-ह्वांग घातलेलं औषध घेणाऱ्या, कधीच रक्त न तपासणाऱ्या बाईला तो अभ्यास काय सांगतो? मा-ह्वांग म्हणजे एफेड्रा. याच वनस्पतीची पूरक आहारातली विक्री अमेरिकेने २००४ मध्ये बंद केली, कारण हृदयावर होणारा परिणाम. कोरियात वैद्याच्या हातून ती आजही वजन घटवण्यासाठी दिली जाते. जाणकार हातात, मोजक्या मात्रेत, ती चालेलही. पण ‘०.६ टक्के’ हे तिचं प्रमाणपत्र नव्हे.

वैद्य म्हणतात की बाजाराच्या पापाची पावती आमच्या नावावर फाडली जाते. ते खरं आहे, आणि त्याचा धडधडीत पुरावा २०१५ साली मिळाला. रजोनिवृत्तीच्या त्रासावर म्हणून कोरियात ‘बेक्सुओ’ नावाच्या मुळीच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या होत्या, टीव्हीवरून खपत होत्या. एप्रिलमध्ये ग्राहक संरक्षण संस्थेने ३२ उत्पादनं तपासली आणि खरी, निखळ बेक्सुओ फक्त तिनात सापडली. २१ उत्पादनांत ‘इयोबुपिसो’ नावाची दिसायला तशीच, लवकर वाढणारी आणि स्वस्त मुळी होती, एकतर नुसती किंवा मिसळलेली. आठांची ओळखच पटेना. या गोळ्या कुठल्या वैद्याने लिहून दिल्या नव्हत्या. त्या ‘आरोग्यदायी अन्न’ म्हणून विकल्या जात होत्या. पण इथेच वैद्यांना एक उलट प्रश्न विचारायला हवा. तुमचा काढा बाजारी काढ्यापेक्षा वेगळा आहे हे रुग्णाने ओळखायचं कशावरून? पुडीवर घटकांची यादी नसेल, हातात चिठ्ठी नसेल, तर दोन्ही पिशव्यांतलं पाणी सारखंच तपकिरी असतं.

कितीतरी पिढ्या कोरियन वैद्याच्या काढ्यात काय आहे हे रुग्णाला सांगायची रीत नव्हती. घराण्याचं गुपित, त्याला ‘बिबांग’ म्हणतात, हे वैद्याचं भांडवल. आजही यकृत सुजून रुग्णालयात आलेला माणूस ‘वैद्याकडचं औषध’ एवढंच सांगू शकतो, आणि समोरचा डॉक्टर ‘वनौषधीमुळे’ असं लिहून मोकळा होतो. मधल्या पंचवीस वनस्पतींपैकी दोषी कोणती, हे मग कधीच कळत नाही. निर्दोष चोवीसही बदनाम होतात. गुपिताने सर्वांत मोठं नुकसान केलं असेल तर ते खुद्द वैद्यांचं, असं मी म्हणेन.

हे टाळता येतं, याचा पुरावा समुद्रापलीकडे जपानात आहे, आणि तो मला या सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. एकाच प्राचीन चिनी ग्रंथपरंपरेतून आलेलं एक औषध आहे: जपानी नाव शोसाइकोतो, कोरियन नाव सोशिहोतांग. वनस्पती त्याच. जपानात पारंपरिक वैद्यांचा वेगळा परवाना नाही. आधुनिक डॉक्टरच ही औषधं लिहून देतो, औषध कंपन्या ती ठरावीक प्रमाणात बनवतात, पाकिटावर घटक छापलेले असतात आणि ती औषध कायद्याखाली येतात. जुनाट यकृतदाहासाठी तिथे शोसाइकोतो प्रचंड प्रमाणात दिलं गेलं. मग काही रुग्णांना फुप्फुसाचा विशिष्ट दाह होऊ लागला, डॉक्टरांनी नेहमीच्या अर्जावर तो कळवला, इंटरफेरॉन या यकृतदाहावरच्या आधुनिक औषधाबरोबर हे औषध देण्यावर १९९४ मध्ये बंदी आली, आणि मार्च १९९६ मध्ये सरकारने तातडीचा इशारा काढला: ८८ रुग्ण, दहा मृत्यू. शतकानुशतकं ‘सौम्य’ म्हणून दिलं जाणारं औषध. औषध बाजारातून गेलं नाही, कोणाला द्यायचं नाही हे मात्र पक्कं झालं. कोरियात त्याच काळात त्याच औषधाने कोणाला इजा झाली नसेल का? झाली असेल तर ती कुठे नोंदली गेली असती? वैद्याने उकळून दिलेल्या काढ्याला औषधाचा क्रमांक नसतो. दोन औषधं एकमेकांना मारक असतील तर डॉक्टरला संगणकावर सूचना देणारी जी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून उभी राहिली, तिच्यात काढा दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी देणाऱ्या डॉक्टरला काढ्याचा पत्ता नाही, आणि डॉक्टर रागवतील म्हणून रुग्ण सांगत नाही.

आणि जिथे धोका स्पष्ट दिसला, तिथेही हद्दीच्या भांडणाने काय केलं ते पाहा. मधमाशीच्या विषाची सुई हा कोरियातला लोकप्रिय उपचार, पाठदुखीवर, सांधेदुखीवर. २०१५ मध्ये कोरियन संशोधकांनीच १४५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की या उपचारात त्रास होण्याचं मध्यक प्रमाण सुमारे २९ टक्के आहे आणि साध्या मिठाच्या पाण्याच्या सुईपेक्षा धोका कितीतरी जास्त. या चमूत पारंपरिक वैद्यक शिकलेलेच लोक होते. आपल्याच घरातलं वैगुण्य आकड्यांसह जगापुढे मांडायला जे लागतं ते या लोकांनी दाखवलं, आणि कोरियन वैद्यकाचा आदर करायचा तर आधी यांचा करावा असं मला मनापासून वाटतं. तीन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, बुचॉन शहरात पाठ दुखते म्हणून ही सुई घेतलेली एक तरुण शिक्षिका तीव्र अ‍ॅलर्जीने गेली. त्याच इमारतीतला एक आधुनिक डॉक्टर मदतीला धावला होता. घरच्यांनी त्याच्यावरही भरपाईचा दावा लावला, आणि त्याला दोषमुक्त व्हायला २०२० उजाडलं.

या मृत्यूनंतर वैद्यांच्या संघटनेने सांगितलं, आम्ही दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनसारखी तातडीची औषधं ठेवू. आधुनिक डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला: आधुनिक औषध वापरणं तुमच्या परवान्यात बसत नाही. दोन्ही बाजूंची तर्कसंगती मला कळते. अ‍ॅड्रेनलिनला मुभा दिली तर उद्या प्रतिजैविकं मागतील, ही डॉक्टरांची भीती पोकळ नाही. पण मग उत्तर एकच उरतं: जो अ‍ॅड्रेनलिन देऊ शकत नाही त्याने मधमाशीचं विष टोचू नये. विष टोचायची परवानगी आहे आणि उतारा द्यायची नाही, ही व्यवस्था कोणत्या शास्त्रात बसते? इथे पुरावा कमी पडला नव्हता. वादाच्या दोन्ही टोकांना रुग्णापेक्षा कुंपण मोठं दिसत होतं.

सुयांच्या बाबतीत मी बराच निश्चिंत आहे, आणि तेही सांगायला हवं. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवून केलेल्या अभ्यासात ८.६ टक्क्यांना काहीतरी त्रास झाला, बहुतेकांना रक्ताचा थेंब किंवा काळंनिळं होणं. फुप्फुसाला भोक पडून हवा भरल्याच्या घटना दोन. एवढ्या मोठ्या संख्येपुढे ‘सुया म्हणजे जिवाशी खेळ’ हे वाक्य टिकत नाही. छुना उपचाराबद्दल एका मोठ्या कोरियन रुग्णालय-साखळीने आपल्या २,८९,९५३ रुग्णांचे कागद तपासून दहा हजारांत दोघांहूनही कमी जणांना इजा झाल्याचं सांगितलं. हा आकडा मी जर्मन आकड्याच्या पंक्तीला बसवणार नाही. जर्मनीत रुग्णांना विचारलं होतं, इथे डॉक्टरांनी लिहिलेले जुने कागद वाचले. ज्याने उपचार केला त्यानेच लिहिलेल्या कागदात इजा किती उमटते?

वाईट संशोधन सुरक्षिततेच्या प्रश्नाला किती गढूळ करतं, याचं उदाहरण २०१९ चं आहे. वंध्यत्वावर पारंपरिक उपचारांचा सरकारी पैशाने केलेला अभ्यास जाहीर झाला. शंभर स्त्रिया, नव्वद जणींनी उपचार पूर्ण केले, तेरा जणींना गर्भ राहिला, सात बाळं जन्मली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. वैद्य म्हणाले, आधुनिक उपचारांइतकंच यश. डॉक्टर म्हणाले, तेरातले सहा गर्भ टिकले नाहीत, म्हणजे औषध घातक. तुलनेचा गट नसताना या दोहोंपैकी काहीही म्हणता येत नाही! शंभर स्त्रियांनी आपली आशा आणि आपलं शरीर त्या अभ्यासाला दिलं, आणि त्यातून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर निघूच शकणार नव्हतं. याचा मला राग येतो.

डॉक्टरांचा सर्वांत बळकट मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये कोरियातले निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हाच्या चार आक्षेपांपैकी एक हा होता की सरकार काढ्यांना विमा देणार आहे. आधी सुरक्षितता सिद्ध करा, मग जनतेचा पैसा द्या, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून ते बिनतोड आहे, आणि नवं औषध बाजारात येताना मी स्वतः दुसरं काही मागणार नाही. पण काढा नवा नाही. लाखो लोक तो आज पितात, स्वतःच्या खिशातून, कुठेही नोंद न होता. विमा नाकारल्याने पिणं थांबत नाही, फक्त मोजणं थांबतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या प्रायोगिक योजनेत मासिक पाळीचं दुखणं, चेहऱ्याचा पक्षाघात आणि वृद्धांचे पक्षाघातानंतरचे त्रास, एवढ्या तिनांसाठी काढ्याला विमा मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये आणखी तीन दुखणी आली. अट अशी की काढ्यात काय घातलं ते रुग्णाला सांगायचं आणि विमा यंत्रणेला कळवायचं. खुद्द वैद्यांमध्येही या योजनेला विरोध होता, सदस्यांचं मतदान घ्यावं लागलं. बिबांगची भिंत कोणत्या शास्त्रीय निबंधाने पाडली नाही, ती पैसे मिळवण्यासाठी भरायच्या एका अर्जाने थोडीशी पाडली. डॉक्टरांच्या संघटनेने ज्या योजनेला विरोध केला, तीच त्यांना हवा असलेला पुरावा गोळा करणारी पहिली वही ठरू शकते.

आधुनिक वैद्यकाला ही वही कशी मिळाली, हेही डॉक्टरांनी विसरू नये. ती त्याच्या शास्त्रीय स्वभावातून आपोआप उगवली नाही. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत झोपेची निर्धोक गोळी म्हणून थॅलिडोमाइड विकलं गेलं, गरोदर बायकांना दिलं गेलं, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. त्यानंतर १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये डॉक्टरांनी दुष्परिणाम कळवायचं पिवळं कार्ड आलं, १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची यंत्रणा आली. आज जे डॉक्टर वैद्यांना ‘तुमच्याकडे नोंदी नाहीत’ म्हणतात, त्यांच्या गुरूंकडेही साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नव्हत्या. मग कोरियन वैद्यांनीही आधी दहा हजार घरांचा बळी द्यावा आणि मग वही उघडावी का?

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे कारण हेच भांडण आपल्या अंगणातही आहे. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणाऱ्या अधिसूचनेविरुद्ध ११ डिसेंबर २०२० रोजी देशभरात डॉक्टरांचा बंद झाला, कोरियातल्या संपानंतर चार महिन्यांत. त्याच महिन्यांत आमच्या घरात, बहुधा तुमच्याही, सकाळी गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला इजा झालेले, गुळवेल घेणारे सहा रुग्ण मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालय म्हणालं, ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. बेक्सुओ आणि इयोबुपिसो आठवा: ही शंका रास्तच होती, आणि ती तपासता येण्याजोगी होती. पुढच्या वर्षी अनेक शहरांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात रुग्णांनी घेतलेले नमुने तपासले होते, आणि ती गुळवेलच निघाली. एका बाजूने शंका घेतली, दुसरीने ती तपासून पाहिली. या विषयात मला हवी असलेली वादाची रीत नेमकी ही. मात्र त्या काळात कोट्यवधी लोकांनी गुळवेल घेतली, त्यांच्यातल्या किती जणांना इजा झाली, हे आपण सांगू शकत नाही. भागाकारातला छेद, म्हणजे एकूण किती जणांनी ती घेतली याची नोंद, आपल्याकडे नाही. ज्यांच्या घरी ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा, आजाराचा माणूस आहे त्यांनी काय करावं, हे सांगणारं पाकीटही त्या वेळी नव्हतं.

एप्रिल २०११ मध्ये कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष रोह ते-वू यांना खोकला थांबेना म्हणून सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयात नेलं. क्ष-किरणात उजव्या श्वासनलिकेत साडेसहा सेंटिमीटर लांबीची सुई दिसली, उपचारात वापरतात तशी. डॉक्टरांनी ती काढली, ते बरे झाले. आधुनिक डॉक्टरांनी पारंपरिक उपचारांकडे बोट दाखवलं. वैद्यांच्या संघटनेने म्हटलं, हे परवाना नसलेल्या कोणाचं तरी काम, चौकशी करा. रुग्ण देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष होता, भोवती सुरक्षारक्षक होते, पुरावा बाटलीत बंद करून ठेवण्यासारखा होता. ती सुई कोणी, कधी आणि कशासाठी टोचली, हे आजवर ठरलेलं नाही.